खुंटा कुठं आहे?

खुंटा ठोका, त्याला दावं बांधा, दाव्याला वासरू बांधा आणि चार दिवस त्याला तिथंच चरू द्या. पाचव्या दिवशी गवतात बघा. कंपासनं काढावं इतकं नेमकं वर्तुळ उमटलेलं असेल. वासराला भूमिती येत नाही. त्याला भूक आहे आणि गळ्यात दावं आहे, बास. दावं जिथवर पोचतं तिथवरचं गवत ते खातं, पुढचं गवत जसंच्या तसं उभं राहतं. आता वासरू सोडून न्या, खुंटा उपटून घ्या आणि एखाद्या पाहुण्याला हिरव्या गवतातलं ते भुरकट चक्र दाखवा. तो डोळे मोठे करून विचारेल, हे कुणी केलं हो?

पोरांनो, थोरलीनं आज मोबाईलवर इंग्लंडमधल्या गव्हाच्या शेताचा फोटो दाखवला. पीक चक्राकार आडवं पडलेलं, एकात एक वर्तुळं, शेकडो. आणि तिनं हाच प्रश्न केला, ‘आबा, हे कुणी केलं असेल? दुसऱ्या ग्रहावरून कुणी आलं असेल का?’ तेवढ्यात धाकटा म्हणाला की विहिरीखालच्या आपल्या गव्हातही परवाच्या अवकाळीनं तसंच पडलंय. प्रश्न दोन आहेत, पण दोन्हीला युक्ती एकच. वर्तुळ दिसलं की आधी खुंटा शोधायचा. मधोमध कोण होतं? मध्य कुणी धरला होता? ते सापडलं की निम्मं कोडं सुटतं.

तुम्ही जन्मलात तोवर खळी गेली होती, मळणीयंत्र आलं होतं. पण आपल्या देवळ्याच्या शिवारात काय, सगळ्या कसमादे पट्ट्यात काय, बाजरी-गहू निघाला की शेताच्या कडेला खळं करायचे. जमीन चोपायची, शेणानं सारवायची आणि मधोमध तिवडा रोवायचा. तिवडा म्हणजे मजबूत खांब. त्याला बैलांची पात जुंपायची, शेजारी शेजारी चार बैल, आणि कणसांवरून गोल गोल फिरवायची. आता हिशोब करा. सगळ्यात आतला बैल तिवड्यापासून चार फुटांवर असेल आणि बाहेरचा सोळा फुटांवर, तर एका फेऱ्यात आतला चालतो पंचवीस फूट आणि बाहेरचा चालतो शंभर. चारपट! म्हणून जाणता शेतकरी म्हातारा बैल आत धरायचा आणि तगडा गडी बाहेर. त्यानं परिघाचं सूत्र कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं, बैलाचे पाय त्याला ते सांगायचे.

तिवड्याला घातलेला दोराचा फास सैल असायचा, तो का? घट्ट बांधला असता तर प्रत्येक फेऱ्याला दोर खांबावर गुंडाळत गेला असता, आखूड होत गेला असता, आणि बैल वर्तुळाऐवजी आत आत सरकत गेले असते. खुंट्याभोवती गुरफटलेलं वासरू बघितलंय ना तुम्ही? ते असंच चकलीच्या वाटेनं खुंट्यापाशी येऊन अडकतं. म्हणजे वर्तुळाला दोन गोष्टी लागतात. मध्य हलता कामा नये आणि अंतर बदलता कामा नये. तिसरं काही लागत नाही. चौकोन आखायला चार कोपरे सांभाळावे लागतात, वर्तुळाला एक खुंटा पुरतो. म्हणूनच निसर्गात चौकोन शोधावा लागतो आणि वर्तुळ पावलोपावली भेटतं.

या दोरीची विद्या आपल्याकडं फार जुनी आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या शुल्बसूत्रांत यज्ञवेदी आखायची कृती आहे, आणि साधनं काय, तर खुंटी आणि दोरी. गार्हपत्य अग्नीची जागा गोल, आहवनीय अग्नीची चौरस, आणि दोन्हींचं क्षेत्रफळ सारखं हवं. गोलाइतकाच चौरस काढायचा! करून बघा, घाम फुटतो. त्याआधी एक सोपी गंमत करा. अंगणात खुंटी ठोकून दोरीनं वर्तुळ काढा. आता तीच दोरी, लांबी न बदलता, वर्तुळाच्या काठावर एका जागेपासून ताणून खूण करा, त्या खुणेपासून पुढची, असं करत जा. सहाव्या खुणेला तुम्ही बरोबर निघाल्या जागी याल. एक बोटही इकडं तिकडं नाही. खुणा जोडल्या की षटकोन. दुसरं कुठलंही माप न घेता सहा पाकळ्यांचं फूल जमिनीवर उमटतं. हे मनात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

आता आपला विहिरीखालचा गहू. धाकट्या, तुझ्यासाठी सांगतो. गहू ओंबीवर आला की डोक्यात वजन येतं. त्यात आपण पाणी दिलेलं, माती मऊ झालेली, मुळांची पकड ढिली, आणि वर वाऱ्या-पावसाचा मारा. मग ताट लोळतं. युरिया जास्त झाला तर आणखीच, कारण ताटं उंच आणि नाजूक होतात. बन्सीसारखे जुने गहू उंच होते, ते सहज लोळायचे. जपानच्या नोरिन १० या बुटक्या गव्हाचा संकर करून नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत आखूड ताटाचे वाण केले, ते १९६० नंतरच्या दशकात भारतात आले, आणि गव्हाची उंचीच बदलली. आपल्याच जिल्ह्यात निफाडजवळ कुंदेवाडीला गव्हाचं संशोधन केंद्र आहे. तिथून निघालेल्या वाणांची नावं ऐका: त्र्यंबक, तपोवन, गोदावरी, पंचवटी. अख्खं नाशिक गव्हात पेरलंय त्यांनी.

तर लोळलेल्या गव्हात खुंटा शोधायला गेलं तर काय दिसतं? एका ठिकाणी ताटं पूर्वेला झोपलेली, दुसरीकडं बांधाला अडून वारा फिरला म्हणून दक्षिणेला, मधेच एक पट्टा उभा. कडा फाटक्या, आकार वेडावाकडा. इथं मध्य कुणीच धरलेला नाही, म्हणून वर्तुळही नाही. पण कधीकधी खरोखर गोल चट्टा पडतो, आणि मग लोक घाबरतात. तिथं आठवायचं की उन्हाळ्यात शेणखताचे ढीग कुठं कुठं ओतून ठेवले होते. पसरायला उशीर झाला, पावसाचं पाणी ढिगातून झिरपलं आणि खालच्या मातीत सगळं सत्त्व उतरलं. तेवढ्याच गोल तुकड्यात गहू काळाभोर हिरवा वाढतो, उंच होतो आणि वाऱ्यात तेवढाच लोळतो. खुंटा सापडला. तो उन्हाळ्यातला ढीग होता.

आणि पडलेल्या गव्हाची खरी करामत तर पुढं आहे. गहू हिरवा असताना लोळला तर चार-सहा दिवसांनी शेतात जाऊन बघा, ओंब्या परत आभाळाकडं वळलेल्या असतात. ताट सरळ होत नाही, ते पेरापाशी वाकतं. पेराजवळच्या फुगीर भागातल्या पेशींत स्टार्चचे जड कण असतात. ताट आडवं झालं की ते कण पेशीच्या खालच्या बाजूला जाऊन बसतात, आणि झाडाला खाली कुठं हे कळतं. मग ऑक्सिन नावाचं संप्रेरक खालच्या बाजूला जमतं, ती बाजू लांबते, वरची तेवढीच राहते आणि पेर कोपरासारखं वर वळतं. अंधारातही हे घडतं, म्हणजे काम उजेडाचं नाही, वजनाचं आहे. पिकून पिवळ्या झालेल्या ताटाला मात्र हे जमत नाही, ते पडलं की पडलं.

हे वजनाचंच काम आहे हे कुणी दाखवलं, तीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. थॉमस अँड्र्यू नाइट नावाचा इंग्लंडमधला एक बागायतदार होता. त्यानं ओढ्यावर पाणचक्की लावली, फिरत्या चाकाच्या कडेला भिजवलेलं बी बांधलं आणि चाक रात्रंदिवस फिरत ठेवलं. बियांना कळेना खाली कुठं आणि वर कुठं. अंकुर फुटले तेव्हा सगळी मुळं चाकाच्या बाहेर निघालेली आणि सगळे कोंब चाकाच्या मध्याकडं वळलेले! गरगर फिरताना वस्तू बाहेर फेकली जाते, तीच ओढ बियांनी खालची दिशा मानली. १८०६ साली त्यानं हे छापलं. इवल्या बियांनीसुद्धा चाकाचा खुंटा हुडकला होता.

आता थोरलीचा फोटो. इंग्लंडमध्ये हे प्रकरण जुनं आहे. १६७८ साली हर्टफर्डशर परगण्यातल्या एका घटनेवर पत्रक छापलं गेलं. एका शेतकऱ्यानं ओट कापायला मजूर बोलावला, मजुरानं मजुरी जास्त सांगितली, शेतकरी चिडून म्हणाला की त्यापेक्षा सैतानानं कापलेलं परवडेल. आणि रात्रीतून पीक खरंच गोल गोल कापलेलं निघालं, असं त्या पत्रकात चित्रासकट आहे. पण तिथं पीक कापलेलं आहे, लोळवलेलं नाही, आणि मला विचाराल तर ती मजुरीच्या भांडणाची गोष्ट आहे. दोनशे वर्षांनी, १८८० मध्ये, जॉन रँड कॅप्रन या अभ्यासकानं ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेला पत्र लिहिलं, की सरे परगण्यात वादळानंतर गव्हात गोल चट्टे पडले आहेत आणि ते भोवऱ्यासारख्या वाऱ्याचं काम वाटतं. शंभर वर्षांनी, १९८० नंतर, विल्टशर भागात वर्तुळं फार दिसू लागली, तेव्हा टेरेन्स मीडन या हवामान अभ्यासकानं हाच धागा उचलला. आपल्याकडं चैत्रात वावटळ उठते, धूळ-पाचोळा घेऊन रानातून नाचत जाते, तशी वावटळ एका जागी थांबून गव्हावर बसत असेल, असं त्याचं म्हणणं. वेडगळ मुळीच नव्हतं ते. वावटळीला मध्य असतो आणि ती फिरते, म्हणजे वर्तुळाला लागणारं सगळं तिच्याकडं आहे. फक्त ती एका जागी थांबत नाही, आणि सरळ रेषा तर तिला काढताच येत नाही. १९९० च्या उन्हाळ्यात वर्तुळांना दांडे, चौकटी, किल्लीसारखे दात फुटले. तिथं वावटळीची बाजू संपली.

मग सप्टेंबर १९९१ मध्ये साउथॅम्प्टनचे दोन वयस्क मित्र, डग बॉवर आणि डेव्ह चोर्ली, एका वर्तमानपत्रापुढं आले आणि म्हणाले, हे आम्ही सुरू केलं. बॉवर काही वर्षं ऑस्ट्रेलियात राहिलेला. तिथं टली गावाजवळ १९६६ मध्ये पाणथळीतल्या लव्हाळ्यात मोठा गोल घेरा सापडला होता आणि उडत्या तबकडीची आवई उठली होती. ते त्याच्या डोक्यात राहिलं. १९७८ च्या सुमारास दोघांनी रात्री शेतात जायला सुरुवात केली. साधनं? एक फळी, तिच्या दोन टोकांना दोरी बांधलेली. दोरी हातात धरायची, फळी पायानं दाबायची आणि मध्यापासून गोल फिरत पीक झोपवत जायचं. सरळ रेषेसाठी टोपीला तारेचं कडं लावलं होतं, त्यातून लांबचं एक झाड धरायचं आणि त्याच्याकडं नीट चालत जायचं. बॉवरच्या बायकोला गाडीचे वाढलेले मैल दिसले आणि वेगळाच संशय आला, तेव्हा त्याला घरी सगळं कबूल करावं लागलं. पत्रकारांसमोर त्यांनी एक नक्षी करून दाखवली, आणि ही माणसाची नव्हे असं एका नामांकित जाणकारानं ती बघून सांगितलं. त्या जाणकारानं नंतर आपली चूक मान्य केली, आणि ते मला मोठं वाटतं.

ताटं मोडत नाहीत, नुसती वाकतात, म्हणजे ही अज्ञात शक्ती, असं काही जण म्हणायचे. पेरं वळलेली आणि लांबलेली दिसतात, हाही पुरावा म्हणून दाखवायचे. तुम्हाला आता माहीत आहे, हिरवं ताट वाकतंच, आणि पेर तर त्यानंतर स्वतःच वळतं. आणखी एक प्रश्न असतो की माणसं आली तर पाऊलवाट का दिसत नाही? तिथल्या शेतात फवारणीच्या ट्रॅक्टरसाठी पेरणीतच चाकोऱ्या सोडलेल्या असतात, शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. चाकोरीतून आत जायचं आणि चाकोरीतूनच परतायचं. आपल्याकडं वाफे, सारे, वरंबे. इथं कुणी रात्री गव्हात शिरला तर सकाळी पहिल्या वाफ्यातच त्याचा माग निघेल. आणि कांद्यात तर लोळवणार काय!

पण हे सगळं कळल्यावर फोटोतली नक्षी मला कमी सुंदर वाटली नाही, उलट जास्त वाटली. ऑगस्ट २००१ मध्ये विल्टशरच्या मिल्क हिलवर एका रात्रीत ४०९ वर्तुळांची नक्षी उमटली, सातशे फुटांहून मोठी, सहा भुजा वळत गेलेल्या. सहा का, ते तुम्ही अंगणात दोरीनं बघालच. आणि जून २००८ मध्ये बार्बरी कॅसलच्या टेकडीजवळ जवाच्या शेतात आलेली नक्षी तर माझी सगळ्यात लाडकी. लांबून बघितलं तर नुसती वळत गेलेली पायरी. माइक रीड नावाच्या खगोलशास्त्रज्ञानं ती वाचली. वर्तुळाचे दहा सारखे भाग पाडा, प्रत्येक ३६ अंशांचा. मध्यापासून निघा. तीन भाग चालल्यावर बारीकसा ठिपका आणि एक पायरी. मग एका भागानंतर पायरी, चारानंतर पायरी, परत एक, पाच, नऊ, दोन, सहा, पाच, चार. वाचा आता: ३.१४१५९२६५४. पाय! वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचं गुणोत्तर, वर्तुळातच लिहिलेलं, आणि शेवटचा आकडा नियमाप्रमाणं वर नेलेला. या दहा आकड्यांची बेरीज करा, चाळीस येते. दहा भागांचा एक फेरा, म्हणजे ती पायरी मध्याभोवती बरोबर चार फेरे घालून थांबते. अंधारात, जवाच्या शेतात, पहाट व्हायच्या आत हे आखणाऱ्याच्या डोक्याला आणि पायांना मी नमस्कार करतो. ज्या शेतकऱ्याचं पीक तुडवलं गेलं त्याचं नुकसान मात्र भरून द्यायलाच हवं, त्याशिवाय ती कला पुरी होत नाही.

काही खुंटे जमिनीखाली असतात. पावसाळ्यात माळावर भूछत्रं गोल कड्यात उगवलेली दिसतात. लोक म्हणायचे रात्री पऱ्या नाचल्या. विल्यम हाइड वोलॅस्टन या शास्त्रज्ञानं १८०७ मध्ये खरं कारण मांडलं. मधोमध कधीतरी एक बुरशी रुजते, तिचे धागे सगळीकडं सारख्या वेगानं पसरतात, आतलं खाद्य संपतं, आणि भूछत्रं फक्त ताज्या कडेवर उगवतात. म्हणून कडं दरवर्षी मोठं होत जातं. धाकट्याच्या हातावर मागं गजकर्ण आलं होतं ना, लालसर गोल कडं आणि मधे बरी होत आलेली कातडी? तीही बुरशीच, आणि तिची चालही हीच.

जपानच्या अमामी बेटाजवळ समुद्रतळाच्या वाळूत पाणबुड्यांना दोन मीटर रुंद गोल नक्षी दिसायच्या, मध्यापासून बाहेर जाणारे उंचवटे आणि पन्हळी. अनेक वर्षं कुणाला कर्ता सापडला नाही. निघाला वीतभरही नसलेला फुग्या मासा. नर आठवडाभर आपल्या परांनी वाळू उकरत फिरतो, आणि मादी येऊन मधोमध अंडी घालते. तिथं मध्य हा आरंभ नाही, मध्यासाठीच सगळा खटाटोप आहे.

विल्टशरमध्येच स्टोनहेंजजवळ १९२५ मध्ये गिल्बर्ट इन्सॉल या वैमानिकाला विमानातून जमिनीवर ठिपक्यांची कडी दिसली. पुढच्या उन्हाळ्यात तिथं गहू वाढला तेव्हा ती गव्हातच उमटली. मॉड कनिंग्टन यांनी खोदलं, तर साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी खांबांचे खड्डे निघाले, सहा कडी, थोडी लांबट. खांब कधीच कुजले होते. पण खड्ड्यात भरलेली माती भुसभुशीत, ओल धरणारी, म्हणून तेवढ्या जागी गहू जास्त जोमानं आला. आपल्या पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजच्या सांकलिया-ढवळीकरांनी उत्खनन केलं, तिथंही तीन हजार वर्षांपूर्वीच्या गोल झोपड्या अशाच कळल्या, घरं गेलेली, खांबांचे खड्डे राहिलेले.

आणि एक वर्तुळ असं आहे की त्याच्या खुंट्यावरून अजून वाद चालू आहे. आफ्रिकेत नामिबियाच्या वाळवंटाच्या काठी गवताळ रान आहे. त्यात हजारो गोल टकलं पडलेली आहेत, दोन मीटरपासून दहा-बारा मीटरपर्यंत, आत गवताची काडी नाही आणि कडेला दाट उंच गवत. हॅम्बुर्गच्या नॉर्बर्ट युर्गेन्स यांनी २०१३ मध्ये मांडलं की हे वाळूतल्या वाळवीचं काम. ती मधली मुळं खाते, उघड्या वाळूत पावसाचं पाणी मुरून टिकतं आणि त्या ओलीवर वसाहत जगते. म्हणजे खुंटा आहे आणि तो जिवंत आहे. गटिंगेनचे स्टेफान गेट्झिन म्हणतात, मध्ये कुणीच नाही. पाणी इतकं थोडं की गवताचे ठोंब एकमेकांच्या तोंडचं ओढून घेतात, कडेचं गवत मधली ओल शोषतं आणि मधलं मरतं. म्हणजे वर्तुळ मध्यानं नाही, काठानं आखलं. २०१७ मध्ये कोरिना टार्निटा आणि त्यांच्या सोबत्यांनी गणित मांडून दाखवलं की दोन्ही कारणं मिळूनही तीच नक्षी उठू शकते. तरी युर्गेन्स आणि गेट्झिन आपापल्या जागी ठाम आहेत. पाऊस पडला की जातात, टकलात उगवून नुकतंच मेलेलं गवत उपटतात, मुळांची वाळू झटकून बघतात. एकाला ती कुरतडलेली दिसतात, दुसऱ्याला शाबूत.